बनूच्या वाटणीचे मैल

सोनपंखी चहाच्या अर्ध्या किलोच्या पुड्यात एक पिवळी चिठ्ठी निघायची. तिच्यावर विमानाचं चित्र आणि खाली छापलेलं, ‘पाच मैल’. पावकिलोच्या पुड्यात दोन मैलांची. चिठ्ठ्या कंपनीच्या पुस्तिकेत खळीने चिकटवायच्या, पुस्तिकेवर आपलं नाव घालायचं, आणि मैल भरले की नगरला एजन्सीत जाऊन बदल्यात काय हवं ते आणायचं. साठ मैलांना कपबशी, दोनशेला स्टीलचं ताट, पाचशेला पुणे-मुंबई विमानाची एक जागा आणि दीड हजाराला मुंबई-दिल्ली.

आमच्या शिंगणापुरात ज्याने त्याने कपबश्या आणल्या. साठ भरले की पळाले नगरला. मी पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलं होतं, बाकी कुणी वाचलं नव्हतं. सातवीपर्यंत शिकले त्याचा सासरी झालेला तो पहिला उपयोग. मी मनातल्या मनात हिशेब मांडून बघितला. दीड हजार मैलांच्या कपबश्या घेतल्या तर पंचवीस येतात, एका टोपल्यात मावतील एवढ्या. दिल्लीच्या जागेला जे भाडं पडतं त्यात तसल्या कपबश्यांची बैलगाडी भरली असती. पुण्याहून मुंबईला तर एसटीनेही जाता येतं, तिथे मैल कशाला जाळायचे? जेवढं लांब जावं तेवढा एकेक मैल जास्त मोलाचा. आणि त्याच पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं की दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसेल, त्याचे दहाव्या हिश्श्याने मैल पडतील. म्हणजे माझे दीड हजार आणि बनूचे दीडशे.

बनू तेव्हा आठ महिन्यांची होती. नुकती बसायला लागली होती, आणि बसली की आपण केवढं मोठं काम केलं अशा तोऱ्यात सगळ्यांकडे बघायची.

दिल्लीला माझी गोजरआक्का होती. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. आक्काने मला वाढवलं, वेणी घातली, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. माझं लग्न लागल्यावर ती बन्सीदाजींकडे दिल्लीला गेली, दाजी मिलिटरीत. चार वर्षं भेट नव्हती. तिला मूलबाळ नाही. प्रत्येक पत्रात शेवटी एकच ओळ असायची, एकदा तुझी पोर दाखव. घरात मी दोनदा विषय काढला. बाई माणूस, अंगावरचं पोर, आगगाडीत दोन रात्री, आणि सोबत यायला कुणा पुरुषाला सवड नाही. तिथेच तो मिटला. माझे थोरले दीर आप्पासाहेब हसून म्हणाले होते, “इमानानं जायाचं आसंल तर जा.” बसलेले सगळे हसले. मी तेवढी परवानगी पदराला बांधून घेतली. मुंबईपर्यंत बनूचे वडील पोचवतील, पुढे दोन तास, आणि उतरताच समोर आक्का. येताना दाजी रजेवर यायचे होते, त्यांच्याबरोबर आगगाडीने परत.

मग मी मैलांच्या मागे लागले. शनिवारी दर्शनाला माणसं यायची तेव्हा भागूबाईच्या चहाच्या दुकानात दिवसभर आधण उतरायचं नाही. रिकाम्या पुड्यांतल्या चिठ्ठ्या ती चुलीत घालायची. तिच्या नातवाला मी कुंची शिवून दिली आणि म्हटलं, मला पैसे नकोत, चिठ्ठ्या ठेवत जा. मग दुसरीच्या सुनेला झबली, तिसरीच्या लेकीला टोपडं. सोनई, घोडेगाव, कुठेही लग्न असलं की मी आचाऱ्यांच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहायची. जावा-नणंदा मला पिवळी मालन म्हणायला लागल्या. बनू मांडीवर दूध पीत असायची आणि एका हाताने मी शिवायची. तिच्या जावळाला खळीचा वास यायचा. तिच्या कानाशी तोंड नेऊन मी आकडे सांगायची, आज सत्तावीस झाले बने, आज चाळीस. ती हसायची.

सत्तर सालच्या मार्गशीर्षात पुस्तिका भरली. साडेसोळाशे. चैत्रात बनूला दोन वर्षं पुरी होणार होती, आणि चैत्रातच दाजींची बदली आसामला व्हायची होती. हातात तीन महिने होते. मी पुस्तिका कोनाड्यात ठेवली, बनूच्या बाळलेण्याच्या डबीशेजारी. कुलूप कुठे लावणार? आमच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. ट्रंकेला कडी नाही, कपाट तर नाहीच. कुणी कुणाचं नेत नाही, नेलं तर देव बघून घेतो, अशी पिढ्यांची रीत. मीसुद्धा लग्न होऊन आले तेव्हापासून निर्धास्त झोपत होते.

पौषात सोसायटीच्या चेअरमनकीची निवडणूक लागली. आप्पासाहेब उभे राहिले, समोर भिमाजी. भिमाजीकडे नवीन ट्रॅक्टर होता, त्याचाच गावात बोलबाला. एका संध्याकाळी आप्पांची माणसं ओसरीवर जमली होती. मी चहा घेऊन गेले तर आप्पांच्या हातात माझी पुस्तिका. ते पानं उलटून दाखवत होते. म्हणत होते, भिमाजी ट्रॅक्टरवर बसतो, आपण इमानात बसून दिल्लीचं शेतीप्रदर्शन बघून यायचं, मग बघू मतं कुणाला पडत्यात.

मला बघून म्हणाले, “धाकले, हितं तुझी सही लागतीया म्हनं. उद्या मच्छिंद्राबरूबर नगरला जा आन तिकिटाचं करून ये. वरचे दीडशे उरत्यात, त्याच्या कपबश्या आन.”

मच्छिंद्रा म्हणजे बनूचे वडील. बनू माझ्या कडेवर होती. तिने पिवळी पुस्तिका ओळखली आणि हात पुढे केला. आप्पांनी ती उंच धरली, आणि सगळ्यांना त्याचंही हसू आलं.

आत आल्यावर मी बनूच्या वडिलांना म्हटलं की ते बनूचं आहे, माझं आहे, वर्षभर बोटं टोचून घेतलीत मी. ते म्हणाले, आप्पा थोरले आहेत, आणि घरातलंच घरात घेतलं, त्याला काय म्हणणार? मी एक शब्द उच्चारला. त्यांनी घाईघाईने बाहेर बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. आमच्या गावात तो शब्द चोरीपेक्षा मोठा. तसं करणारा करून जातो, पण तो शब्द बोलणारी बाई गावाची बदनामी करते. म्हणजे मला बोलायलाही जागा नव्हती. कुलूप नसलेल्या घरात माझ्या तोंडाला तेवढं कुलूप होतं.

त्या दिवशी बनूला अंघोळ घालताना तिच्या पाठीवरून हात फिरवत मी ठरवलं, रडायचं नाही. रडले की संपतं. मला ते संपवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरला गेलो. एजन्सीत गर्दी, तंबाखूचा आणि चहाच्या पेट्यांचा वास. बनू किरकिरायला लागली म्हणून तिचे वडील तिला बाहेर टांग्याचे घोडे दाखवायला घेऊन गेले. काउंटरवर नृसिंहराव नावाचे म्हातारे कारकून होते, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. त्यांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, आणि म्हणाले की जिल्ह्यात दिल्लीपर्यंत पोचलेली ही पहिलीच, बाकी सगळे कपबशीलाच उतरतात. मग तिकीट कुणाच्या नावे, म्हणून विचारलं. मी थोरल्या दिरांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि नाव लिहून घेतलं. दीडशे मैलांत दोनच कपबश्या बसतात, तीस मैल फुकट जातील, असं मात्र दोनदा बजावलं. बाईंनी एवढं जपून शेवटी तीस घालवावे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

मग त्यांनी विचारलं, “आणि परतीचं कसं करायचं? हे फक्त जायचं आहे. येण्याला पुन्हा दीड हजार मैल पडतील, नाहीतर रोख भाडं. आत्ताच सांगितलंत तर जागा धरून ठेवतो. ऐन वेळी तिथे काही मिळत नाही.”

मला ते ठाऊकच होतं. शेवटच्या पानावर होतं. आप्पांना ठाऊक नव्हतं, कारण पान वाचायची गरज बायकांना पडते. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी विमानाने परत मुंबईत, शनिवारी दुपारी गावात.

बाहेरून बनूचा आवाज येत होता. घोड्याला बघून ती काहीतरी ओरडून सांगत होती.

“त्यांची परतीची सोय झालेली आहे,” मी म्हटलं.

नृसिंहरावांनी सही घेतली.

एसटीत बनू माझ्या मांडीवर झोपली. तिचे वडील म्हणाले, झालं ना सगळं नीट? मी हो म्हटलं. कपबश्या त्यांच्या मांडीवर होत्या, निळ्या फुलांच्या. घरी गेल्यावर त्याच कपबश्यांत आप्पांनी दोन पाहुण्यांना चहा पाजला. बनूच्या वाटणीचे मैल ते फुर्रकन प्यायले. मी चौकटीआड उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत बघितलं.

निघायच्या दिवशी हलगी लावली होती. घोडेगावच्या फाट्यापर्यंत माणसं पोचवायला गेली. आप्पांनी नवा फेटा बांधला होता. वाटेतल्या दशम्या मी करून दिल्या, बरोबर एका वेळच्या. माझ्या थोरल्या जाऊबाई पुष्पावती म्हणाल्या, आणखी दोन टाक गं. मी म्हटलं, विमानात जेवण देतात. ते खरंच होतं.

शनिवार आला. ओसरीवर सतरंजी, हार आणलेले, भागूबाईला तीस चहा सांगून ठेवलेले. दुपार गेली, दिवे लागले, हार सुकले. रविवारी आप्पांची माणसं फाट्यापर्यंत जाऊन आली. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, विमान पडलं तर रेडिओवर सांगतील का, असं त्या मला विचारत राहिल्या. त्यांचं मला वाईट वाटलं. आप्पांचं नाही. मी बनूला भरवत होते आणि मनात मोजत होते, आता आप्पा कुठे असतील. दिल्लीच्या थंडीत, धोतरावर. खिशात जायचा खर्च भागेल इतकंच. सगळ्या दिल्लीत एकच पत्ता त्यांना माहीत, माझ्या आक्काचा. तिच्या दारात उभं राहताना जीभ कशी वळली असेल? प्रत्येक घासाला मी एकेक गोष्ट कल्पत होते. बनू त्या दिवशी कधी नव्हे ते वाटीभर जेवली.

मंगळवारी दुपारी आले. चालत, फाट्यापासून. फेटा पिशवीत. चार माणसं जमायच्या आत त्यांनी कारण सांगून टाकलं: दिल्लीला धुकं पडलं होतं, विमानं तीन दिवस उभी. मग चहा झाला, सुकलेलेच हार गळ्यात पडले. संध्याकाळपर्यंत आप्पांना कंठ फुटला आणि विमानातनं नगर जिल्हा तळहाताएवढा कसा दिसला ते त्यांनी सांगायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आडावर जाऊबाई धोतर धूत होत्या, मी बनूची लंगोटी. धोतरातून काळं पाणी निघत होतं, थांबेचना. सदऱ्याच्या कॉलरीत कोळशाचे बारीक खडे होते, इंजिनाच्या बाजूला बसलं की अंगावर येतात तसले. जाऊबाईंनी एक खडा चिमटीत धरून बघितला.

“धुक्यात कोळसा आसतो व्हय गं, मालन?”

मी म्हटलं, असेल बाई, मी कुठे दिल्ली बघितली.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खडा पाण्यात टाकून त्यांनी धोतर असं आपटलं की पलीकडची बाई दचकली. त्यानंतर त्या दोन निळ्या कपबश्या मला पुन्हा वापरात दिसल्या नाहीत.

शनिवारी ओसरी पुन्हा भरली. मतदानाला आठ दिवस उरले होते. भिमाजीही आला होता, ऐकायला म्हणून, पण खांबाला टेकून असा बसला होता की खोट काढायलाच आला आहे हे कुणालाही कळावं. आप्पा रंगात होते. जाताना ढगांचं सांगून झालं, येताना चांदणं सांगून झालं.

आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. काही विचारायचं झालं तर कडेवरच्या लेकराला सांगून विचारायचं. भाजी वाढू का, पाहुणे किती, सगळं लेकराच्या तोंडून. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी बनूला घेऊन चौकटीत उभी राहिले, पदर पुढे घेतला. बनूने आपला गाल माझ्या छातीला टेकवला होता.

“बने,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आप्पांना विचार, इमानात त्यांना भ्या वाटलं का?”

बायका हसल्या. आप्पा खुशीत म्हणाले, “भ्या कसलं? पाळन्यात निजल्यावानी वाटतं.”

“विचार, लहान लेकरं होती का इमानात?”

“हुती की. आयांच्या मांडीवर. एक रडलं न्हाई.”

“आन येताना?”

आप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पदराआडून माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, पण मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं. परतीचं विचारणारी मी एकटीच होते. भिमाजी खांबापासून जरा पुढे सरकला.

“येताना बी,” आप्पा म्हणाले.

“मंग विचार आप्पांना, येवढं बिनघोर हाय तर तुला आन तुझ्या आयला मावशीकडं कवा धाडनार? चैतात मावशी आसामला जातीया. आन तुला दोन वर्सं पुरी झाली की तुझं आर्धं भाडं पडंल.”

आप्पांची दोन्ही वाटांनी कोंडी झाली होती. हो म्हणावं, तर भाडं पदरचं. नाही म्हणावं, तर विमान धोक्याचं. मग धुकं, चांदणं सगळंच भिमाजी उकरून काढणार. उकरता उकरता तिकीट कुणाच्या मैलांचं होतं तिथपर्यंत जाणार. आणि ही ओसरी शिंगणापुरातली होती, इथून देवाचा चौथरा दिसतो. जाऊबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा हात माझ्या पाठीला लागला.

भिमाजीच म्हणाला, “धाडा की आप्पासाहेब. लेकीबाळी इमानात बसल्या तर गावाचंच नाव हुईल. का काई आडचन हाय?”

“आडचन कसली,” आप्पा म्हणाले. “धाडतो.”

मी तिथे थांबू शकले असते. पाहिजे होतं ते मिळालं होतं. पण पुस्तिका उंच धरलेला तो हात मला दिसत होता, आणि त्याखाली बनूचा रिकामा हात.

“बने, आप्पांना सांग,” मी म्हटलं, “त्यांच्यासारखंच. जायाचं आन यायाचं, दोनी इमानानंच.”

भिमाजी मोठ्याने हसला. का हसला ते त्याला तरी ठाऊक नसावं. आप्पांनी मान हलवली, एकदाच. मग चहा मागवला.

पुढच्या सोमवारी बनूच्या वडिलांनी नगरला जाऊन तिकिटं काढली. आप्पांनी त्यासाठी काय विकलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. निवडणूक ते सहा मतांनी जिंकले. मला त्याचं सुखही नव्हतं, दुःखही.

फाल्गुनात आम्ही निघालो. विमान उठलं तेव्हा बनूने माझा अंगठा मुठीत घट्ट धरला, नंतर झोपून गेली. खाली सगळा देश पसरला होता आणि माझं लक्ष तिच्या पापण्यांकडे होतं.

आक्का उन्हात उभी होती. चार वर्षांत बरीच वाळली होती. तिने हात पुढे केले तर बनूने माझ्या मानेत तोंड लपवलं, परकं माणूस म्हणून. आक्का म्हणाली राहू दे, होईल ओळख. आणि स्वतःच रडायला लागली.

घरी गेल्यावर भाकरी करता करता तिने सांगितलं. आप्पासाहेब पौषात आले होते, संध्याकाळी, पायरीवरच बसून राहिले, आत यायला तयार होईनात. शेवटी कसंबसं बोलले की परतीला गाडीभाडं नाही. दाजींनी दिलं. मग मी तिला पुस्तिकेपासून सगळं सांगितलं.

“लई कसंनुसं झालं बघ मला त्यांच्याकडं बघून,” आक्का म्हणाली. “एवढा मोठा माणूस. तुला न्हाई वाटलं कधी वाईट?”

मी शोधून बघितलं, खरोखर बघितलं, आक्कासमोर खोटं बोलवत नाही म्हणून. कुठेच नव्हतं. बनू एव्हाना सरकत सरकत आक्काच्या गुडघ्याशी गेली होती आणि तिच्या बांगड्या एकेक करून मोजल्यासारख्या फिरवत होती.

“न्हाई,” मी म्हटलं.

आक्काने पीठ लागलेल्या हाताने बनूला हलकेच उचलून मांडीवर घेतलं. बनू रडली नाही.